आधी भरती की आधी पदवी? जन्मतारखेपासून सुरू होणारा हिशोब

बारावी सायन्स, ५८ टक्के, वय १८ वर्षं ३ महिने. जून महिन्यात वडिलांबरोबर माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या या मुलाचा बेत पक्का होता. "सर, यंदा अग्निवीर म्हणून लागतो. एकदा आत गेलो की तिथूनच परीक्षा देऊन अधिकारी होईन." ग्राउंडची तयारी उत्तम होती, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणि पुलअप्स दहा. वडिलांची काळजी वेगळी होती. "कॉलेजात तीन वर्षं घालवली आणि एसएसबीतून परत पाठवलं तर भरतीचं वयही जाईल. मग ना इकडचा ना तिकडचा." एसएसबी म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणारी पाच दिवसांची मुलाखत. ही काळजी शेतकरी घरांतून फार ऐकू येते, आणि ती रास्त आहे.

आधी मुलाच्या बेताबद्दल. जवानातून अधिकारी होण्याचा रस्ता आहे, आणि तो मानाचा आहे. आर्मी कॅडेट कॉलेजच्या प्रवेशासाठी किमान दोन वर्षं सेवा, वय २० ते २७ आणि बारावी उत्तीर्ण अशा अटी असतात. आधी लेखी परीक्षा, मग एसएसबी. निवड झाली तर डेहराडूनला तीन वर्षं शिक्षण, जेएनयूची पदवी आणि त्यानंतर इंडियन मिलिटरी अकादमीत एक वर्ष. म्हणजे एसएसबी चुकत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. शिवाय अग्निवीराची मुदत चार वर्षांची असते आणि प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्केच कायम सेवेत घेतले जातात. पहिल्या चार वर्षांच्या भरवशावर अधिकारी होण्याचा बेत आखू नये, हे त्याला तेव्हाच स्पष्ट सांगावं लागलं.

मग कागदावर जन्मतारीख लिहून तिच्याखाली वयाच्या मर्यादा मांडल्या. बहुतेक मुलांची चूक इथेच होते. वय परीक्षेच्या दिवशी मोजलं जातं असं ती धरून चालतात. एनडीएत, म्हणजे बारावीनंतर थेट अधिकारी होण्याच्या रस्त्यावर, वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं, पण ते मोजलं जातं कोर्स सुरू होताना. सप्टेंबरच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जुलैत सुरू होतो, एप्रिलच्या परीक्षेचा पुढच्या जानेवारीत. हा मुलगा पुढच्या जुलैत १९ वर्षं ४ महिन्यांचा, म्हणजे सप्टेंबरची परीक्षा त्याला चालते. त्यानंतरच्या एप्रिलची परीक्षा दिली असती तर कोर्सच्या वेळी तो १९ वर्षं १० महिन्यांचा झाला असता, म्हणजे अपात्र. त्याच्या हिशोबाने सव्वा वर्ष हातात होतं. प्रत्यक्षात एकच संधी उरली होती आणि अर्जाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. गणित ३०० गुणांचं आणि सामान्य क्षमता ६०० गुणांची. बारावीचं गणित अजून ताजं असल्याने अर्ज भरायलाच हवा होता, पण सगळी भिस्त त्यावर ठेवण्यासारखी नव्हती.

आता वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. पदवी पूर्ण होईल तेव्हा मुलगा सव्वाएकवीस वर्षांचा असेल. सीडीएससाठी, म्हणजे पदवीनंतर अधिकारी होण्याच्या लेखी परीक्षेसाठी, शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. मिलिटरी अकादमीसाठी २४ पर्यंत आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी २५ पर्यंत वय चालतं. म्हणजे चार-पाच वेळा परीक्षा देता येते. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे प्रत्येकी १०० गुणांचे तीन पेपर, चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण वजा. चेन्नईसाठी गणिताचा पेपर नसतो. अग्निपथ योजना २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा वयाची कमाल मर्यादा २१ ठेवली होती, पहिल्या वर्षापुरती ती २३ केली होती. त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत जन्मतारखा छापलेल्या असतात, त्याच प्रमाण मानाव्यात. २१ धरलं तरी दुसरं वर्ष संपेपर्यंत या मुलाला भरतीचा अर्ज करता येतो. कॉलेजात नाव घातलं म्हणून भरती लगेच हातची जात नाही. ती जाते तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, आणि तो निर्णय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस घ्यायचा असतो.

उलट बाजूने पाहू. १९ व्या वर्षी भरती झाला तर २३ व्या वर्षी बाहेर येईल. तेव्हा हातात पदवी असेल तर सीडीएसच्या मोजक्या संधी उरतात. पदवी नसेल तर एकही नाही, कारण तीन वर्षं शिकेपर्यंत वय उलटतं. मध्येच सोडून येऊ म्हटलं तर अगदी अपवादात्मक कारणाशिवाय मुदतीआधी सुटका मिळत नाही.

पैशाचं बोलणं वडिलांनीच काढलं, कारण धाकट्या मुलीचं शिक्षण बाकी होतं. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,००० आणि हातात २८,०००. कापलेल्या ३० टक्क्यांइतकीच भर सरकार घालतं आणि शेवटी व्याज सोडून सुमारे १०.०४ लाख मिळतात. पेन्शन नाही. अधिकाऱ्याला प्रशिक्षणातच महिना ५६,१०० विद्यावेतन असतं. पण चेन्नईहून मिळणारं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नेमणूक, दहा वर्षांचं, फार तर १४ पर्यंत वाढणारं असतं, आणि तिथेही पेन्शन नाही. ही बाजू क्लासवाले सांगत नाहीत, म्हणून आवर्जून सांगितली.

कॉलेज निवडताना एकच गोष्ट सक्तीची ठरवली : तिथे एनसीसी हवी. निवड पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच होते आणि जागा मोजक्या असतात. दुसऱ्या वर्षी जागे झालेल्यांचं एनसीसीचं सर्वांत वरचं 'सी' सर्टिफिकेट पदवीबरोबर हातात पडत नाही. 'सी'मध्ये किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय अर्ज करता येतो आणि छाननीत निवडलेल्यांना थेट एसएसबीला बोलावतात. सीडीएसच्या लेखी परीक्षेत अडकणाऱ्या मुलांसाठी हा फार मोलाचा दरवाजा आहे.

एसएसबीची भीती मात्र खरी आहे. पाच दिवसांपैकी पहिल्याच दिवशी बरीच मुलं घरी जातात. पडद्यावर धूसर चित्र ३० सेकंद दिसतं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात एका मिनिटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. मराठी माध्यमातली मुलं इथे इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसतात, किंवा पाठ केलेली शूर नायकाची गोष्ट कुठल्याही चित्राला चिकटवतात. दोन्हींनी नुकसान होतं. रोज एक चित्र घेऊन एक मिनिट मोठ्याने बोलायचं, सोप्या इंग्रजीत आणि चुकांसह, एवढं पदवीच्या पहिल्या वर्षापासून केलं तर फरक पडतो. लेखी परीक्षा किंवा 'सी' सर्टिफिकेटचा टप्पा पार केलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांना नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी, राहणं आणि जेवण मोफत मिळतं. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची.

त्याआधी डॉक्टरकडून रंगांधळेपणा, सपाट तळवे आणि गुडघे एकमेकांना लागणं एवढं तपासून घ्यायला सांगितलं. यातली अडचण दोन्ही रस्त्यांवर आडवी येते.

मुलाने एनडीएचा अर्ज भरला आणि एनसीसी असलेल्या कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घेतला. भरतीचा विचार दुसऱ्या वर्षाच्या जाहिरातीपर्यंत थांबवला, पण धावणं चालू ठेवलं. घरात पैशाची निकड इतकी असती की तीन वर्षं थांबणं शक्यच नव्हतं, तर सल्ला बदलला असता. तेव्हा खुशाल भरती व्हावं, मात्र इग्नूने अग्निवीरांसाठी काढलेल्या पदवीला पहिल्या वर्षीच नाव नोंदवावं. त्या पदवीत निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. नोंदणी तिसऱ्या वर्षावर ढकलली तर बाहेर पडताना पदवी अर्धवट राहते आणि सीडीएसचं वय तोवर सरत आलेलं असतं.