पोस्टकार्डावरची एक ओळ

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. आई काल संध्याकाळी येऊन देऊन गेली, चहाला पण थांबली नाही, म्हणाली दोन दिवसांत परत निघायचंय आणि अजून बॅगा तशाच पडल्यात. हे उत्तर तिच्याच हाती पाठवतेय, मेलवर नाही टाकलं, का ते पुढे कळेलच तुला. वाचून झालं की तिच्याकडे परत दे.

तू लिहिलंयस की खालच्या मजल्यावरची ती तुझ्याच वयाची मुलगी लिफ्टमध्ये भेटते, तुला तुर्कमेन शब्द शिकवते, तू तिला गाणी ऐकवतेस, एकदा तिच्या घरी जाऊन चहा पण पिऊन आलीस, आणि आता सुट्टीत पुण्याला आलीस की तिच्यासाठी कुर्ता न्यायचाय आणि तिच्यासोबतचा एक फोटो इन्स्टावर टाकायचाय. आणि शेवटी विचारलंयस, "मावशी यात वाईट काय आहे, बाबा उगाच घाबरवतात."

वाईट काही नाही गं. तुर्कमेनिस्तानात, अश्गाबादमध्ये, तीन महिन्यांत तुला मैत्रीण मिळाली हे वाचून मला जो आनंद झाला तो तुला नाही सांगता यायचा, कारण असल्या शहरात शाळा सुटल्यावरची दुपार किती लांब असते ते मला माहितीय. पण बाबा उगाच नाही घाबरवत. आणि बाबा तुला जे सांगू शकत नाहीत ते मी सांगते, कारण त्यांना दूतावासाची नोकरी आहे आणि मला फक्त माझी आठवण आहे.

आम्ही १९८५ ते १९८८ रोमेनियात, बुखारेस्टला होतो. माझे बाबा दूतावासात अकाउंट्सला होते, मी बारा वर्षांची होते गेलो तेव्हा. हुकूमशहा चाउशेस्कूचं राज्य. तुझ्यासारखंच होतं आमचं, आत एक जग आणि बाहेर एक. टीव्ही आठवड्याच्या दिवशी रात्री फक्त दोन तास, त्यातही निम्मा वेळ तोच माणूस आणि त्याची बायको. रस्त्यावर अंधार, घरात चाळीस वॅटचा बल्ब. प्रत्येक बाईच्या पर्समध्ये एक घडी केलेली जाळीची पिशवी असायचीच, कारण कुठे काय मिळेल सांगता येत नाही, रांग दिसली की आधी शेवटी जाऊन उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं "चे से दा?", म्हणजे काय देतायत. विकतायत असं कोणी म्हणायचंच नाही, देतायत असंच म्हणायचे. डॉक्टरकडे जाताना केन्ट सिगरेटचं पाकीट न्यायचं, कोणी ओढत नसायचं ते, ते नोटेसारखं या हातातून त्या हातात फिरायचं. घरी टाइपरायटर असेल तर तो पोलिसांकडे नोंदवायचा, वर त्याच्या अक्षरांचा नमुना पण द्यायचा, म्हणजे उद्या कुठे पत्रक सापडलं तर कोणाच्या मशीनचं ते कळावं. हा कायदा १९८३ चा.

आणि एक चर्च आठवतंय, मिहाई व्होडा. राष्ट्राध्यक्षांचा भलामोठा महाल बांधायला जुनी वस्तीच्या वस्ती पाडत होते, तर हे चर्च १९८५ मध्ये पायापासून कापून रुळांवर चढवून जवळजवळ २८९ मीटर सरकवलं आणि पुढे ते नव्या उंच बिल्डिंगींच्या मागे दडून गेलं. बाबा मला दाखवायला घेऊन गेले होते. लोक बाजूने चालले होते आणि कोणी मान वर करून बघत नव्हतं. मी बाबांना विचारलं यांना काही वाटत नाही का, तर बाबा म्हणाले बघत नाहीत म्हणून तर समज.

तर माझी पण एक मैत्रीण होती. मागच्या गल्लीत राहायची, तिचे वडील कारखान्यात इंजिनिअर. तिच्याकडे मी चोरून जायचे म्हण ना, म्हणजे मला ते चोरून वाटायचं नाही, पण तिची आई दार उघडायच्या आधी जिन्यात बघायची आणि मला आत ओढून घ्यायची आणि मग फोनवर उशी ठेवायची. जाड, भरतकाम केलेली उशी. मला वाटायचं फोन थंडीने खराब होतो म्हणून, पण ती फोनमधून कोणी ऐकू नये म्हणून असायची. ती सरमाले करायची, कोबीच्या पानात भात आणि खिमा गुंडाळून शिजवतात, खिमा फार नसायचाच तेव्हा, भातच जास्त, पण मला तो वास आत्ता लिहिताना पण येतोय.

१९८७ च्या उन्हाळ्यात आम्ही रजेवर मुंबईला आलो. मी गेटवेचं पोस्टकार्ड घेतलं आणि मैत्रिणीला पाठवलं. मोडक्यातोडक्या रोमेनियनमध्ये लिहिलं की मुंबईत खूप पाऊस आहे, तुझी आठवण येते, आणि आल्यावर तुमच्याकडे आईच्या हातचे सरमाले खायला येणार.

बस्स एवढंच. एक ओळ.

तिथे नियम होता की परदेशी माणसाशी बोलणं झालं तर चोवीस तासांत कळवायचं. आणि पोस्टकार्ड म्हणजे पाकीट पण नाही गं, उघडं. ज्याने कोणी ते वाचलं त्याला कळलं की दूतावासातली मुलगी या घरी जाते, जेवते, आणि पुन्हा येणार आहे, आणि या लोकांनी त्यातलं काही कळवलेलं नाही. मी ऑगस्टमध्ये परत गेले, दार वाजवलं, तिच्या आईने दार अर्धंच उघडलं आणि मान हलवली, नाही अशी. रागाने नाही. मी तिथे जिन्यात उभी राहिले आणि आतून रेडिओचा आवाज मोठा झाला. त्यानंतर मैत्रीण रस्त्यात दिसली की पलीकडच्या फुटपाथला जायची. मी आईकडे खूप रडले, मला वाटलं ती बदलली, मला वाटलं मी भारतातून काही आणलं नाही म्हणून रुसली. काय काय वाटतं बघ त्या वयात.

खरं काय ते मला तब्बल पंचवीस वर्षांनी कळलं. तिने मला फेसबुकवर शोधलं. रोमेनियात १९९९ च्या कायद्याने लोकांना गुप्त पोलिसांनी ठेवलेल्या आपापल्या जुन्या फायली बघायला मिळायला लागल्या, तिने वडिलांची फाईल मागवली होती, ते तोवर गेले होते. वडिलांचं इराकला काम ठरलेलं होतं, तेव्हा रोमेनियाचे बरेच इंजिनिअर तिकडे जायचे, जरा बरे पैसे मिळायचे. ते रद्द झालं. दोनदा बोलावून चौकशी झाली. आणि फाईलमध्ये माझ्या पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजूंची कॉपी होती. तिने मला ती पाठवली. एका बाजूला गेटवे, दुसऱ्या बाजूला माझं गोल गोल अक्षर, आणि त्या सरमाल्यांच्या ओळीखाली कोणीतरी पेनाने रेघ मारलेली.

म्हणून सांगते. बाळा, तुझ्याकडे जो पासपोर्ट आहे त्याच्यामागे १९६१ चा व्हिएन्ना करार उभा आहे. डिप्लोमॅटला अटक करता येत नाही, आणि त्याच्यासोबत घरात राहणाऱ्या कुटुंबाला पण तेच संरक्षण मिळतं. फार फार तर तुम्हाला परत जा म्हणतील. तुझ्या हातून चूक झाली तर तुझी शाळा बदलेल, एवढंच. तिच्यामागे यातलं काही नाही. तुमच्या ड्रायव्हरमागे नाही, तुमच्याकडे येणाऱ्या बाईंमागे नाही. म्हणजे तुम्ही दोघी लिफ्टमध्ये एकच गाणं ऐकताय, पण त्याची किंमत दोघींना सारखी नाही, आणि बिल तिच्याच घरी जाणार. तुमच्या तिथे लोकांना विमानतळावरून परत पाठवतात, कारण न सांगता, हे तू ऐकलं असशीलच. त्या मुलीला तुर्कस्तानला शिकायला जायचंय असं तूच लिहिलंयस. त्या एका वाक्यापाशी मी कितीतरी वेळ थांबले.

मग काय मैत्री करायचीच नाही का? कर. जरूर कर. मी हे पत्र तुला थांबवायला लिहीत नाहीये. पण किती जवळ यायचं ते तिला ठरवू दे. ती लिफ्टमध्ये बोलते आणि गेटपाशी अनोळखी होते ना, तू लिहिलंयस तसं, आणि तुला वाईट वाटलं. वाईट वाटून घेऊ नको. ती स्वतःला पण सांभाळतेय आणि तुला पण. तू पण गेटपाशी अनोळखी हो. तिच्या घरी आपणहून जाऊ नको, तिने बोलावलं तरी एकदा विचार की आई-बाबांना चालेल ना, आणि ती जराशी जरी थांबली उत्तर द्यायला तर नको म्हण, तुझ्याकडून म्हण, अभ्यास आहे सांग, म्हणजे तिला नाही म्हणावं लागणार नाही. फोटो टाकायचा नाही. काढायचा पण नाही. चॅटमध्ये तिचं नाव नाही, इकडच्या मैत्रिणींना सांगताना पण नाही. व्हीपीएन लावून तुझं तू काय बघतेस ते बाबांशी बोल, पण तिला ते लावून देऊ नको, तिने मागितलं तरी, हे मी हात जोडून सांगते. आणि तिला त्यांच्या देशाच्या साहेबांबद्दल काय वाटतं ते कधी विचारू नको. तिने आपणहून सांगितलं तर ऐक आणि तिथेच ठेव.

हसण्याबद्दल पण सांगायचंय. तुझ्या पत्रात ते सोनेरी कुत्र्याच्या पुतळ्याचं वाचलं, आणि त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाने २००२ मध्ये महिन्यांची नावं बदलून जानेवारीला स्वतःचं आणि एप्रिलला आईचं नाव दिलं होतं ते पण. हसू येतंच. आम्ही पण घरी चाउशेस्कूची नक्कल करायचो, आई ओरडायची. पण गाडीत हसू नको, कारण ड्रायव्हरकाकांना तेव्हा ठरवावं लागतं की आपण ऐकलं की नाही ऐकलं, आणि ऐकलं असेल तर कोणाला सांगायचं की नाही. तुझा जोक पाच सेकंदांचा, आणि तो माणूस रात्रभर जागा. शिवाय एक सांगू, ते सगळं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पांढऱ्या संगमरवराच्या ५४३ बिल्डिंगींचा २०१३ चा गिनीज रेकॉर्ड त्यांच्या डोळ्यांदेखत झालाय, कोरोनात त्यांच्या देशात अधिकृतपणे एकही पेशंट नव्हता, आणि त्यांच्या घरातली कोण कोण माणसं गेली ते त्यांना माहीत आहे. गप्प बसणारा माणूस भोळा असतो असं समजू नको. मला ते फार उशिरा कळलं.

घरी काय बोलायचं ते आई-बाबा सांगतीलच. मराठीत बोललं की कोणाला कळत नाही असं माझ्या आईला वाटायचं, बाबा म्हणायचे त्यावर विसंबू नकोस. पण मनात साठवून पण ठेवू नकोस, ते वाईट. मी तीन वर्षं इतकी गप्प राहायला शिकले की भारतात आल्यावर कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या हिच्या पोटातलं काही कळतच नाही, आणि खरंच मला कोणी साधं विचारलं काल कुठे होतीस तरी मी आधी विचार करायचे की हिला का हवंय. हे तुझं होऊ देऊ नको. आठवड्यातून एकदा आईला घेऊन लांब फिरायला जा, बागेत, कारंज्याजवळ, आणि सगळं बोल, रड, भांड. डायरी लिही, पण माणसं नको लिहू, वस्तू लिही. भाकरीचा वास कसा होता, वारा कुठून आला, बाजारात खरबूज कसं वाजवून बघतात. माणसं तुझ्या लक्षात राहतात, काळजी नको.

आणि तिथलं जे छान आहे ते भरभरून घे ना. मर्व बघायला जाच, बाबांना परमिशन काढायला लाव, सिल्क रूटवरचं केवढं मोठं शहर होतं ते. अखाल-टेके घोडे बघ, उन्हात सोन्यासारखे चमकतात. त्यांची भाकरी, चोरेक, ती ज्या तामदीरमध्ये भाजतात तो आपला तंदूरच की. आणि भाषा! तू लिहिलेल्या शब्दांची यादी वाचून मला केवढी मजा वाटली. दोस्त म्हणजे दोस्तच, बाजार म्हणजे बाजार, अस्मान म्हणजे अस्मान, आठवड्याला हेपदे म्हणजे आपला हप्ता, आणि त्यांच्या सगळ्यात वरच्या सभेचं नाव हल्क मसलहाती, त्यातली ती मसलत आपल्या मराठ्यांच्या जुन्या पत्रांत पानोपानी असते. फारसीतून, अरबीतून हे शब्द त्यांच्याकडे पण गेले आणि आपल्याकडे पण आले. हे तिला सांग. हे सांगण्यात कोणाला काही धोका नाही आणि तिला फार आवडेल बघ.

एक मात्र कर जे मी केलं नाही. आम्ही १९८८ च्या मार्चमध्ये निघालो. ती पलीकडच्या फुटपाथने जायची म्हणून मी पण मान फिरवून निघून आले, मी रुसले होते ना. पुढच्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या दोघा नवरा-बायकोला गोळ्या घातल्या, सगळं बदललं, आणि तिला मात्र माहीत नव्हतं मी कुठल्या शहरात आहे. फेसबुकवर भेटल्यावर मी तिला इतक्यांदा सॉरी म्हटलं, तर ती म्हणाली पोस्टकार्डाचं राहू दे, बाबांनी ते कधीच मनावर घेतलं नाही, उलट म्हणायचे किती गोड पोर होती. पण तू जाताना बघितलं पण नाहीस. मी खिडकीत होते. तर तुमची बदली झाली की लिफ्टमध्येच का होईना, दोन मजल्यांपुरतं का होईना, तिला सांगून ये.

कुर्ता मी लक्ष्मी रोडवरून घेऊन ठेवते, हिरवा की निळा ते आईजवळ सांग. नेसायला-घालायला साधाच घेईन, ज्यावर कुठे काही लिहिलेलं नसेल, लेबल काढून टाकीन. द्यायचा की नाही ते तिला आधी विचार. नको म्हणाली तर तूच घाल.

तुझी
मावशी