युनियनशी बोलणी करायचं काम मुलीने पत्करावं का?

ताई, नमस्कार.

तुमची लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला इथेच बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात एमएचआरएम, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, करून कारखान्याच्या ‘आयआर’ विभागात, म्हणजे मालकाच्या बाजूने युनियनशी बोलणी करणाऱ्या विभागात, जायचंय. तुमचे यजमान मात्र ‘संप-टाळेबंदीच्या भानगडीत मुलीने पडू नये’ म्हणतात, कारण त्यांनी स्वतः एक संप सोसलाय. त्यांची भीती खरी आहे. पगाराविना महिने काढलेल्या माणसाला मी काय समजावणार? पण मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी पंधरा वर्षं हेच काम केलं, म्हणून सांगते.

संप क्वचित होतो. रोजचं काम म्हणजे हिशेब आणि ऐकणं. युनियनचं मागणीपत्र आलं की वाढ बेसिकमध्ये, म्हणजे मूळ पगारात, द्यायची की भत्त्यात, यावरच महिने जातात. बेसिक वाढली की तिच्यामागून पीएफ आणि ग्रॅच्युइटीही वाढते, म्हणून युनियन तिथे अडून बसते. कॉमर्सच्या मुलीला हे पटकन उमगेल. ऐकणं अवघड. एका करारात आकडा ठरला, तरी सही होईना. शेवटी कळलं, दुसरी पाळी सुटल्यावर वाघोडियाकडे जायला बसच नव्हती. आम्ही कुणी ते विचारलंच नव्हतं. घरी मराठी आणि दारात गुजराती बोलत वाढलेल्या मुलीला अशा गोष्टी लवकर कानावर येतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्यात. हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असेल ती युनियन एकटी बोलणी करते, नाहीतर किमान 20 टक्के पाठिंब्याच्या युनियनांची परिषद बसते. संपाआधीची नोटीस पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती होती. आता सगळ्याच कारखान्यांत 14 दिवस आधी द्यावी लागते. मला हे कामगारांवर जड वाटतं. म्हणूनच मालकाच्या बाजूला प्रामाणिक माणूस बसायला हवा. नोकरीचं म्हणाल, तर कामगार कल्याण अधिकारी पूर्वी 500 कामगारांच्या कारखान्यात सक्तीचा होता, आता 250 च्या.

आणि ‘मुलीचं काम नाही’ हे तर गुजरातेत म्हणूच नये. 1918 च्या अहमदाबादच्या गिरणी संपात मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण, अनसूयाबेन.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक करा. यजमानांना त्यांच्या संपाची गोष्ट तिला पहिल्यापासून सांगू द्या: मागणी काय होती, बोलणी कशावर तुटली, परत कामावर कोणत्या अटीवर गेले. तिला वही घेऊन बसू दे.