शून्य चालून लिही

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद, आणि उशिराचा तिळगूळ.

तुझा निरोप वाचून दोन दिवस नुसता बसून राहिलो. मोबाईलवर एवढं लिहायला माझी बोटं वळत नाहीत, म्हणून कागद घेतला. शेजारचा मुलगा फोटो काढून तुला पाठवील. अक्षर लागलं नाही तर आईकडे दे. ती कॉलेजला पाटणहून कराडला माझ्याच गाडीनं यायची, पासावरची माझी गिचमिड तिनं तीन वर्षं वाचली आहे.

तू लिहिलंस, "काका, सुट्टी घालवून गुहागरच्या किनाऱ्यावर पहाटे पहाटे चालले, कासवाचं एक घरटं दिसलं नाही. पुण्याच्या ग्रुपनं दुसऱ्या गावात पिल्लं सोडली, त्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरतायत. माझ्या वहीत नुसतं 'काही नाही'. मी तिथं नक्की काय करते? आणि आपण घाटावरची माणसं, समुद्र आपला थोडाच?"

शेवटचं आधी घेतो, ते सोपं आहे. तुझं गाव कोयनेकाठचं. कोयना धरणातलं वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीज करून पश्चिमेला सोडायची मुभा आहे. ते सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीकडे उतरतं, वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं. नदी निघाली होती बंगालच्या उपसागराला, माणसानं तिचं पाणी अरबी समुद्राला धाडलं. त्या पाण्याला तिथं कुणी गाव विचारत नाही. मला विचारायचे. तू ज्यांना दादा म्हणतेस ते कासवमित्र, किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणारे, पहिली दोन वर्षं मला 'घाटावरचे कंडक्टर' म्हणूनच हाक मारायचे. मारू देत. तिसऱ्या वर्षी आपोआप थांबलं.

आता तुझी वही. पानाचा फोटो तू रागानं पाठवलास, मी तो मोठा करकरून पाहिला. 12 जानेवारी, काही नाही. 13 जानेवारी, काही नाही. 15 जानेवारी, काही नाही. पोरी, ही तीन शून्यं बघून मला किती बरं वाटलं, तुला कसं सांगू? 14 तारखेचं नंतर बोलतो.

मी 28 वर्षं एसटीत तिकिटं फाडली. मशीन यायच्या आधी हातात ट्रे आणि पंच असायचा. प्रत्येक टप्प्याला तिकिटांच्या प्रत्येक गड्डीचा नंबर वेबिलावर, म्हणजे हिशोबाच्या कागदावर, चढवायचा. कोयनानगर सुटलं की रात्रीच्या गाडीला कुंभार्ली घाटात काळं कुत्रं चढत नसे. तरी नंबर चढवायचा, मागचाच नंबर पुन्हा. घाटात तपासणीस चढला आणि टप्पा कोरा दिसला, तर तो 'कुणी चढलं नसेल' असं म्हणत नाही. तो म्हणतो, कंडक्टरनं पैसे खाल्ले. रिकाम्या गाडीचं वेबिलही भरावं लागतं, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळलं. समुद्रावर तेच कळायला मला पाच वर्षं लागली, याची लाज वाटते.

2004 साली गुहागरची मुक्कामी गाडी माझ्याकडे आली. ड्रायव्हर टपावर झोपायचा, मी आत सीटवर. डासांनी पहाटे चारलाच उठवायचं, मग मी पुळणीवर, समुद्राच्या वाळूवर, जायचो. तिथं एकदा वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी नक्षी, कासविणीचा माग, दिसली आणि तिच्या टोकाला उकिडवे बसलेले दादा. त्याच्या दोन वर्षं आधी चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं वेळासच्या किनाऱ्यावर घरटी राखायला सुरुवात केली होती आणि ते वारं किनाऱ्यानं गावोगाव सरकत होतं. दादांनी माझ्याकडे न बघता मडक्यासारखा खड्डा उकरला, राखलेल्या जागी पुरायला अंडी एकेक करून वर घेतली, शंभरावर होती. अंडं ज्या बाजूनं वर असेल तसंच उचलायचं, फिरवायचं नाही, फिरलं तर आतला जीव जाऊ शकतो. मी विचारलं, "मी काय करू?" ते म्हणाले, "वही धरा."

तेव्हापासून धरली आहे. पण काय धरली? सुरुवातीची पाच वर्षं मी फक्त घरटी लिहिली. घरटं मिळालं की तारीख, वेळ, अंड्यांची संख्या, सुरूच्या बनापासून किती पावलं. नाही मिळालं तर पान तसंच. 'काही नाही' हे काय लिहायचं? तुझ्यासारखंच वाटायचं मला.

आमच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, खाडीच्या तोंडाजवळ, जेमतेम पाऊण किलोमीटरची पट्टी होती. तिथवर आम्ही क्वचित जायचो, गेलो तरी काही दिसलं नाही म्हणून लिहायचो नाही. पुढे त्या पट्टीवर धूप थांबवायला दगडी बंधारा घालायचं ठरलं. बैठकीत आम्ही ताठ मानेनं वही नेली. समोरच्या साहेबानं पानं उलटली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "उत्तर टोकाला तर तुमच्याच वहीत एकही घरटं नाही, मग हरकत कशाची?" तिथं कासवं येत नव्हती की आम्ही जात नव्हतो, हे आम्हाला स्वतःलाच सांगता येईना. आमच्या कोऱ्या जागेचं त्यांनी शून्य केलं. बंधारा झाला. आता तिथं वाळूच उरलेली नाही, त्यामुळे उत्तर कधीच मिळणार नाही. कदाचित खरंच येत नसतील. हे 'कदाचित' मी आजवर घेऊन फिरतोय.

म्हणून शून्य लिही. लांब कशाला, आपल्या खटावमधलं मायणी बघ. तिथल्या तलावावर रोहित पक्षी उतरले की मोटारसायकली काढून अख्खा तालुका जायचा. 2021 साली तिथं पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. मी निवृत्तीनंतर तिथल्या आणि विट्याकडच्या हौशी लोकांच्या वह्या मागून पाहिल्या. रोहित आले त्या वर्षांच्या तारखा सगळ्यांकडे होत्या, फोटोंसकट. आले नाहीत त्या वर्षांत तलावावर कोण गेलं होतं, पाणी किती होतं, किती वेळ थांबले, यातलं एका वहीत काही नव्हतं. पक्षी येईनासे झाले हे सगळ्यांना ठाऊक. कधीपासून, ते प्रत्येकजण वेगळं सांगतो.

शून्य लिही, पण चालून लिही. हा दुसरा भाग मी बहुतेकांना सांगत नाही. तुला सांगतो.

2009 च्या फेब्रुवारीत दादांच्या घरी लग्न होतं, म्हणून दोन पहाटेच्या फेऱ्या माझ्याकडे होत्या. पहिल्या रात्री गाडी घाटात बंद पडली, मुक्कामाला पोचायला दीड वाजला. साडेचारला डोळा उघडला. मला नीट आठवतं, उघडला होता. मग परत मिटला. सहाला गाडी सुटायची. टपरीवर चहा घेताघेता मी वहीत लिहिलं, 'काही नाही'. आधीचे आठ दिवस काही नव्हतंच. थकलेलो होतो, अंगात कणकण होती, आणि गाडीची जबाबदारी ही माझी पगाराची होती, समुद्राची नव्हती. ही सगळी कारणं खरी आहेत. मी ती स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता पाठ झाली आहेत.

एप्रिलमध्ये एका पहाटे लॉजच्या हॅलोजनखाली, डांबरी रस्त्यावर, पिल्लं सापडली. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाकडे धावतं, रात्री किनाऱ्यावर सगळ्यात उजळ समुद्र असायला हवा, तिथं दिवा होता. कुत्री आमच्या आधी पोचली होती. दादांनी आणि मी उरलेली टोपलीत भरून पुळणीवर सोडली. किती उरली होती ते लिहीत नाही.

घरटं आमच्या नजरेतून सुटलं होतं. अंडी उबायला तिकडे साधारण 45 ते 60 दिवस लागतात, म्हणून मी वही उघडून मागे मोजत गेलो. त्या सोळा-सतरा दिवसांतला प्रत्येक दिवस कुणीतरी चाललेला होता. न चाललेला एकच. माझ्याच वहीनं मला धरलं, आणि बाकीची शून्यं खरी होती म्हणूनच धरता आलं, हे लक्षात घे.

दादांना सांगायला मला तीन वर्षं लागली. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आत जाऊन जुनी वही आणली, पान काढलं, माझं 'काही नाही' खोडलं नाही, शेजारी लिहिलं, 'फेरी झाली नाही'. मग वही बंद केली आणि माडाला पाणी सोडायला गेले.

त्या दिवसापासून आमच्या वहीत तीनच गोष्टी असतात. घरटं. काही नाही. फेरी झाली नाही. तिसरी लिहिण्यात कमीपणा नाही. पोटात दुखलं, गाडी चुकली, झोप लागली, काही का असेना. ते वाचणारा त्या तारखेपुरता गप्प बसतो. कोरी ओळ वाचणारा गप्प बसत नाही, तो त्याला हवं ते भरतो.

तू म्हणशील, म्हातारा एकच तुणतुणं वाजवतोय. वाजवणारच. 2021 साली ओडिशात टॅग लावलेली एक कासवीण 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची मादी पश्चिमेला! सगळ्यांनी तिच्या प्रवासाचं कौतुक केलं, करावंच. माझ्या डोक्यात दुसरंच आलं. ती सापडली त्याआधी किती रात्री तिथं कुणीतरी नुसतं चाललं असेल? त्या रात्रींचा फोटो कुणाकडे नाही.

व्हिडिओवाल्या पोरांवर माझा राग नाही. खरं तर आहे. मागे एका ग्रुपशी मी भांडलो, ते फक्त पिल्लं सुटायच्या आठवड्यात यायचे आणि पहिल्याच दिवशी विचारायचे, सर्टिफिकेट मिळेल का. मी जरा जास्त बोललो. त्यातली एक मुलगी चांगली होती, ती नंतर आलीच नाही. तुझी काकू म्हणते, तुमच्या तोंडामुळे जेवढी माणसं गेली तेवढी कासवं आली नसतील. ती अजून बरंच म्हणते. पोराच्या बारावीच्या परीक्षेत मी सुट्टी काढून पुळणीवर होतो, हेही ती म्हणते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. हंगाम काय माझ्या पोराचं वेळापत्रक बघून येतो? असं मी तेव्हा म्हणालो होतो. आज म्हणणार नाही. पण तेव्हा गेलो नसतो तर त्या वर्षीची पानं कोरी राहिली असती, हेही खरंच ना? जाऊ दे. हे तुला विचारण्यात अर्थ नाही.

पुन्हा जाशील तेव्हा एवढं कर. भरतीची रेघ सोडून वरच्या अंगानं चाल, खालचे ठसे पाणी पुसतं. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लाव. ये-जा अशा दोन रेघा दिसल्या आणि उकरलेली वाळू कुठेच नसली, तर ती नुसती येऊन गेली. तेही लिही, ते शून्याहून वेगळं आहे. अंड्यांना हात लावू नकोस, दादांना फोन कर, वनखात्याकडे कळवायचं ते बघतील. कुठून कुठवर चाललीस ते दर वेळी लिही, खाडीच्या तोंडापर्यंत गेली नसशील तर 'पुलापर्यंतच' असं लिही. वाळू गरम की गार हेही, हातानं बघून का होईना. वाळू तापली की माद्या जास्त निपजतात, गार असली की नर. तुझ्या पोरांच्या वयाच्या माणसाला कधीतरी ते लागेल.

आणि पुण्याच्या ग्रुपकडे जायचं असेल तर जा. मी रागावणार नाही. चार दिवस बोलणार नाही एवढंच.

शनिवारी रात्रीची गाडी अजून आहे, स्टँडवर चौकशी केली. माझी जुनी बॅटरी आणि नवी वही तुझ्या आईकडे पोचवतो. वही शाईच्या पेनानं लिहू नकोस, दहिवरानं पसरते. शिसपेन घे.

आता 14 तारीख. 13 आणि 15 च्या मध्ये एक ओळ सोडलेली आहे, तिथं काहीच नाही. संक्रांत होती, दादांच्या घरी तिळगुळाला थांबली असशील, किंवा झोप लागली असेल, किंवा चालून येऊन लिहायचं राहिलं असेल. यातलं काय झालं तेवढं कळव. काहीही असलं तरी चालेल. पण कळव, आणि त्या ओळीत तुझ्या हातानं लिही.

तुझा,
कंडक्टरकाका
कराड