चुकलं की कागद फाडणारं लेकरू

"मॅडम, याले काही झालं आहे का? कागद हाती घेतला का फाडतेच."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी महिन्यातून दोनदा मुलांच्या अडचणी ऐकायला अंगणवाडीच्या खोलीत बसते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झाली होती, त्यामुळे ही आई वावरातून थेट दिवेलागणीलाच आली. सोबत दुसरीतला मुलगा. शाळेनं घडीकामाचा ऋतूंचा तक्ता करायला सांगितला होता आणि पोरानं दोन दिवसांत घोटीव कागदाचं अख्खं पाकीट फाडून टाकलं होतं.

चुकलं की फाडतं, अर्धवट टाकतं, हा हट्ट आहे की डोक्यात काही कमी आहे, असं मला फार आया विचारतात. बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. म्हणून आधी मी बघते. "इथंच एक घडी घालून दाखव," म्हटलं. त्यानं कोपऱ्यावर कोपरा ठेवला, बोटभर वाकडा. तो नखानं दाबणार तेवढ्यात आईचा हात आला आणि कागद सरळ झाला. दुसऱ्या घडीलाही तेच. तिसरी घडी त्यानं घातलीच नाही. कागद मुठीत चुरगळला आणि खाली बघत बसला. नवा कागद देताना मीही न राहवून त्याची कड जुळवून दिली. तीही चूकच होती. त्याच्या चेहऱ्यावर ती लगेच दिसली.

आईचा यात दोष नाही. दिवसभर वेचून आलेल्या बाईला तक्ता एकदाचा संपवायचा असतो, आणि आपल्या पोराचं काम वर्गात हिणवलं जाऊ नये असंही वाटतं. पण प्रत्येक घडीला दुसऱ्याचा हात आला की मुलाला एवढंच कळतं, की माझ्या हातून होत नाही.

आणखी एक गोष्ट होती. नमुन्याच्या कागदावर हिवाळा म्हणून बर्फाचा माणूस छापलेला. मी विचारलं, हा का नाही केलास? पहिल्यांदाच मान वर झाली. "आपल्या इथं कोठी पडते बरफ?" प्रश्न अगदी रास्त होता. "मग आपल्याकडं हिवाळ्यात काय असतं?" तो म्हणाला, "कापूस."

तिथून आम्ही कामाला लागलो. आईला एकच सांगितलं: त्याच्या कागदाला हात लावायचा नाही. शेजारी बसून स्वतःचा वेगळा कागद घ्यायचा, एक घडी घालायची आणि थांबायचं. हात राहत नसेल तर मांडीखाली ठेवायचा.

सुरुवात फाडण्यानंच केली. जुनं वर्तमानपत्र दिलं, हवं तितकं फाड म्हटलं. वर्तमानपत्र एका बाजूनं सरळ पट्टीसारखं फाटतं आणि दुसऱ्या बाजूनं वेडंवाकडं, हे त्याचं त्यानंच शोधलं. सरळ पट्ट्यांचा पाऊस झाला. उन्हाळ्यासाठी पुढं-मागं घड्या घालून पंखा केला. गावात लाइट जाते तेव्हा तो खरोखर हातात घेता येतो. शाळेला मी चिठ्ठी पाठवली, की हा आपल्याकडचे ऋतू करतो आहे. बाईंनी आनंदानं हो म्हटलं.

हिवाळ्यासाठी केलेल्या कापसाच्या बोंडाचं कौतुक मला अजून आहे. घोटीव कागद एका अंगानं रंगीत, दुसऱ्या अंगानं पांढरा असतो. तपकिरी कागद पांढरी बाजू वर करून ठेवायचा, चारही कोपरे मध्याला आणून दाबायचे. झालं मिटलेलं बोंड. मग एकेक टोक बाहेर मुडपायचं, की आतलं पांढरं दिसतं. बोंड फुटलं! त्याचे कोपरे नीट मध्यावर आले नव्हते, एक पाकळी लांब, एक आखूड. त्याचा हात फाडण्यासाठी कागदाकडं गेलासुद्धा. दारात बसलेली आजी म्हणाली, "राहू दे रे बापू. वावरातलं बोंड तरी कुठी सारखं राहते?" हात थांबला. त्या संध्याकाळी त्यानं सात बोंडं केली, आणि आईनं तिची स्वतःची तीन.

काही मुलांच्या बाबतीत मात्र गोष्ट वेगळी असते. सहा-सात वर्षांच्या मुलाला फक्त कागदच नव्हे, तर बटण लावणं, भाकरीचा घास तोडणं, पेन्सिल धरणं असं सगळंच जड जात असेल, किंवा आधी येत असलेलं काम आता जमेनासं झालं असेल, तर वाट बघू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. आशाताईंना किंवा सेविकेला आधी सांगून ठेवलं, तर ते मूल नीट बघितलं जातं. या मुलाचं तसं काही नव्हतं. शर्टाची बटणं तो माझ्यासमोर भराभर लावत होता.

चौथ्या भेटीला आई एकटीच आली. पोरगा बैलबंडीवर बसून वावरात गेला होता. तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एक बोंड काढून टेबलावर ठेवलं, एक पाकळी चांगली बोटभर लांब.

"बाकीचे शाळेत लावले. हे तुमच्यासाठी देल्लं त्यानं," ती म्हणाली. "म्या हात नाही लावला मॅडम."