वाचक विचारतात: गोकाक फॉल्सला जाताना

जूनअखेर आम्ही निपाणीहून गोकाक फॉल्सला गेलो. बेळगावात तीन दिवस धो धो पाऊस होता, पण धबधब्याला जेमतेम चार धारा. असं का? – एक वाचक, निपाणी

गोकाक फॉल्स हा घटप्रभा नदीवरचा धबधबा, आणि तुम्ही पाऊस पाहिलात तो दुसऱ्याच नदीचा. बेळगावजवळचं पाणी मार्कंडेय नदीत जातं आणि मार्कंडेय घटप्रभेला मिळते ती फॉल्सच्या खाली, गोकाक गावाजवळ. बेळगावात कितीही कोसळला तरी फॉल्सला त्याचा उपयोग नाही. फॉल्सचं पाणी येतं चंदगड, आजरा, आंबोलीकडून. त्यातही चंदगडकडची घटप्रभा आधी हिडकल धरणात अडते. धरण भरेपर्यंत खाली येतं ते मुख्यतः आंबोली-आजऱ्याकडून येणाऱ्या हिरण्यकेशी नदीचं, कारण ती घटप्रभेला धरणाच्या खालच्या अंगाला मिळते. म्हणून निघण्याआधी दोनच गोष्टी बघा: आंबोलीला सलग चार-पाच दिवस पाऊस आहे का आणि हिडकलमधून पाणी सोडलंय का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर ५२ मीटरचा तो लालसर, घोड्याच्या नालेसारखा पडदा पूर्ण दिसेल. साधारण जुलैअखेर ते सप्टेंबर. मार्च-एप्रिलमध्ये मात्र फक्त कातळ बघायला मिळतो.

बेळगावच्या पावसानं फुगतो तो गोडचिनमलकीचा धबधबा, कारण तो मार्कंडेयवर आहे. तुमच्या त्या दिवशी तिकडे गाडी वळवली असती तर फेरी फुकट गेली नसती.

झुलता पूल सत्तरीच्या आईला झेपेल का? फोटो कुठून चांगला येतो? – एक वाचक, खानापूर

पूल सुमारे २०० मीटर लांब, खालच्या खडकापासून १४ मीटर उंच. चढ नाही, पण माणसं चालली की हेलकावतो. गुडघ्यांपेक्षा चक्कर येणाऱ्यांना त्रास जास्त. आईंना न्यायचं तर सकाळी लवकर, गर्दी नसताना न्या, आणि नजर पायाखाली नको, समोरच्या काठावर. पाणी फार वाढलं की पुलावर सोडत नाहीत, तेव्हा हुज्जत घालू नये.

फोटोचं म्हणाल तर पुलावरून धबधबा दिसतच नाही! पूल धबधब्याच्या वरच्या अंगाला आहे, तिथून दिसतं ते कड्याकडे धावणारं पाणी. समोरून पडदा हवा तर दरीच्या काठाने खालच्या अंगाला यावं लागतं. तुषार उडतात, लेन्स पुसायला सुती फडकं ठेवा. आणि कड्यावरचा वालुकाश्म: कोरडा असताना पाय धरतो, पण पाण्याकडेला शेवाळ धरलं की साबणासारखा. रबरी चप्पल घालून तिथे जाऊच नये.

धबधबा सोडून बघण्यासारखं काय? – एक वाचिका, शहापूर, बेळगाव

काठावरचं चालुक्यकालीन महालिंगेश्वर मंदिर. बहुतेक जण घाईत ओलांडून जातात, तुम्ही खांबांपाशी थांबा. दुसरं, कड्याच्या पायथ्याचं वीजघर. १८८७ साली इथे पाण्यावर वीज तयार झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. वरची सूतगिरणीही त्याच काळातली.

बसने जायचं तर? – तेच पत्र

गोकाक आणि गोकाक फॉल्स ही वेगळी ठिकाणं, मध्ये सहा-एक किलोमीटर. बसची पाटी कानडीत, त्यावर बहुधा नुसतं ‘गोकाक’. त्यामुळे चढण्याआधीच कंडक्टरला ‘फॉल्सवरून जाते का’ विचारा, नाहीतर थेट गावात उतराल. रेल्वेने यायचं तर घटप्रभा स्टेशन धरा. गोकाक रोडला थोड्याच गाड्या थांबतात. घटप्रभेहून कोन्नूरमार्गे फॉल्सला येता येतं. परतताना करदंट (गूळ-सुक्यामेव्याची गोकाकची मिठाई) घ्याल, तो उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. गूळ सुटतो आणि वड्या एकमेकींना चिकटून बसतात.