जपानी बागेत लहान मुलं रमतील का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत नणंदेकडे पुण्याला जायचं आहे. सिंहगड रस्त्यावरची जपानी बाग, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यान, मुलांना दाखवायचंच असं तिने ठरवलं आहे. माझा मुलगा सात वर्षांचा, मुलगी साडेतीन. दोघांनाही दिवसभर नारळी-पोफळीच्या आगरात नाहीतर समुद्राच्या पुळणीवर हुंदडायची सवय. तिथे झोपाळा-घसरगुंडी नाही, हिरवळीवर पळायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, असं ऐकलं. मग मला नुसतं ओरडत फिरावं लागणार. त्यापेक्षा कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वाघ दाखवलेला काय वाईट?
— एक आई

उत्तर : बागेत न्याच. वाघही दाखवा, पण वेगळ्या दिवशी. एका दिवसात दोन्ही उरकायला गेलात तर दोन्हींची मजा जाईल.

दापोलीत बालवाडी चालवताना मी पोरांच्या बऱ्याच सहली काढल्या. मुलं कंटाळतात ती मोठ्यांच्या घाईपायी, हे मी खात्रीने सांगते. ‘ते बघ किती छान’, एक फोटो, की ‘चला पुढे’. अशा चालीने लहान मूल दहा मिनिटांत कुरकुरायला लागतं. माझी नात चार वर्षांची असताना या बागेत आली, ती पहिल्याच पाण्यापाशी उकिडवी बसली. दोन दगडांच्या बेचक्यात पाणी गोल फिरत होतं आणि त्यात एक पिकलं पान अडकलं होतं. पान एकदा दगडाला टेकायचं, सुटल्यासारखं व्हायचं, परत आत ओढलं जायचं. ते वाहून पुढे गेलं तेव्हाच बाईसाहेब उठल्या. तोवर मागून कितीतरी माणसं आली नि गेली. तिने बागेचा तेवढाच तुकडा पाहिला, पण नीट पाहिला.

या धर्तीची बाग चालत चालत बघायची असते. वाट मुद्दाम वळवलेली असते. झुडपाच्या, उंचवट्याच्या आड पुढचं काहीतरी लपवून ठेवलेलं असतं आणि वळण घेतलं की ते समोर येतं. आपल्यापेक्षा मुलांची उंची कमी, म्हणून त्यांच्यापासून जास्त लपतं आणि त्यांना जास्त सापडतं. पाऊलवाटेचे दगड जपानी बागेत मुद्दाम कमीजास्त अंतरावर आणि वेड्यावाकड्या आकाराचे लावतात. त्यावर माणूस खाली बघून हळू चालतो. मध्येच एखादा मोठा, सपाट दगड आला की पाय आपोआप थांबतात आणि मान वर होते. बाग रचणाऱ्याला तिथून काहीतरी दाखवायचं असतं. लेकाला हे आधी सांगून ठेवा आणि थांबायच्या जागा त्यालाच शोधू द्या. सात वर्षांच्या मुलाला असं काम दिलं की तो आईला वाट दाखवत पुढे चालतो.

तुमच्या पोरांना यातलं काही परकंही नाही. पाखाडीच्या पायऱ्या, वहाळावरचा साकव, पाटाचं पाणी यांत वाढलेली ती मुलं. पुण्याच्या या बागेत जवळच्या कालव्याचं पाणी नैसर्गिक पद्धतीने गाळून सगळीकडे खेळवलं आहे. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, याचा माग काढत फिरा. ठरलेल्या फेरीपेक्षा मला हे फार बरं वाटतं. आगरात शिंपणं करताना पाटाचं पाणी वळवायला बारं कुठे फोडायचं, हे ज्या मुलाने पाहिलं आहे, त्याला पाण्याची चाल कळते.

प्रवासात गोष्ट सांगायची तर या बागेचीच सांगा. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची बाग आहे, तिच्यावरून पुण्याची बाग बेतली आहे. तिथल्या इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये काम सुरू केलं आणि १७०० मध्ये ते पुरं झालं. आपल्याकडे तेव्हा संभाजीराजे आणि राजाराम महाराजांचा काळ. किल्ल्यांच्या गोष्टी ऐकणाऱ्या मुलाला हे चटकन लागतं. बाग सरदाराची असली तरी ठरावीक दिवशी रयतेला आत सोडत. १८८४ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. पुढे १९३४ च्या पुरात तिचं नुकसान झालं, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यातही झालं, आणि जुन्या चित्रांच्या आधाराने लोकांनी ती पुन्हा होती तशी केली. चिपळूणच्या २०२१ च्या पुराच्या गोष्टी तुमच्या घरात निघत असतीलच. बुडालेली बाग माणसं परत कशी उभी करतात, हे मूल मन लावून ऐकतं.

आणखी एक सांगा. कोराकुएनमध्ये उभं राहिलं की झाडांच्या वर ओकायामाचा किल्ला दिसतो. किल्ला बागेबाहेर, नदीच्या पलीकडे. पण तो बागेतलाच वाटावा अशी रचना केली आहे. पुण्यात लेकाला विचारा : बागेबाहेरचं काय काय दिसतंय आणि काय झाडांनी झाकून टाकलंय? याचं उत्तर तो काय देईल ते ऐकायला मलाही आवडेल.

आता तुमच्या खऱ्या काळजीचं. ‘हात लावू नको’ हे आत जाऊन शंभरदा म्हणण्यापेक्षा दाराशीच दोघांना समोर घेऊन, खाली बसून, एकदाच सांगा. दगड उचलायचे नाहीत, फुलं तोडायची नाहीत, पाण्यात काही टाकायचं नाही. लगेच कारणही द्या : इथला एकेक दगड कुठली बाजू वर, कुठली खाली हे ठरवून बसवलेला असतो. पुढे काय करायची मुभा आहे तेही सांगा. वास घ्या, वाकून बघा, पुलाखाली कोण राहतं ते शोधा, मासे दिसले तर मोजा. माशांना चुरमुरे-बिस्किटं नकोत, उरलेलं कुजून पाणी नासतं. हिरवळीची हौस पुळणीवर भागते, बागेत एक तास कळ काढतील.

पाण्याच्या काठाला मात्र अजिबात ढिलाई नको. तळ्याला कठडा असेलच असं नाही आणि साडेतीन वर्षांच्या पोरीला गुडघाभर पाणीही पुरे. मोबाईल पिशवीत ठेवा, तिचा हात हातात. शेवाळावरून पाय कसा सटकतो हे कोकणातल्या आईला मी काय सांगायचं! मागे पट्टा असलेल्या चपला घाला. बाबागाडी पायऱ्यांवर अडते, ती नेऊ नका.

घाटातून ओकत आलेली मुलं त्याच दिवशी बागेत नेऊ नका. एक रात्र झोपू द्या, दुसऱ्या दिवशी लवकर गाठा. बाग दुपारची बंद असते, वेळा नणंदेला आधी विचारायला सांगा. पोटभर न्याहारी करूनच आत शिरा. आणि मुलगी मध्येच रडायला लागली तर अर्धी बाग सोडून सरळ बाहेर या. तिकीट वसूल करायच्या नादात पोरांना ओढत फिरवणारे आईबाप बघितले की माझा जीव तुटतो.

प्रश्न : नातवंडं मे महिन्यात मुंबईहून येतात. मालवणात घरापुढे थोडी जागा आहे. त्यांच्यासोबत छोटी जपानी बाग करता येईल का?
— एक आजोबा

उत्तर : करा की! वाळूवर दंताळ्याने रेघा ओढून करतात ती जपानी बाग अंगणात करू नका, आपल्या पहिल्याच पावसात ती गडग्यापलीकडे जाईल. ती गंमत पुळणीवर दंताळं घेऊन करा. जपानमधल्या क्योतो शहरातल्या र्‍योआन-जी मंदिरात अशीच १५ दगडांची बाग आहे. ओसरीवर कुठेही बसा, एखादा तरी दगड दुसऱ्याआड लपतोच. नातवंडांना पाच-सहा दगड देऊन असं लपवायला सांगा. सकाळ कशी गेली कळणार नाही.

अंगणात मी पाण्याचा बांबू करीन. जपानी शेतकरी रानडुकरं आणि हरणं पळवायला तो शेतात लावत, पुढे तो बागेत आला. बांबूचा हातभर तुकडा घ्या, एक तोंड तिरकं कापा, मागची गाठ शाबूत ठेवा. आडवी काठी घालून दोन खुंट्यांवर असा टांगा की रिकामा असताना मागची बाजू जड पडून दगडावर टेकेल. उघड्या तोंडात पन्हळीने बारीक धार सोडा. भरला की तोंड खाली झुकतं, पाणी सांडतं, आणि मागचा भाग दगडावर टक्कन आपटतो. काठी कुठे घालायची हे दोनचारदा सरकवून बघावं लागेल. ते काम नातवंडांनाच करू द्या. तुम्ही फक्त कोयती हाताळा.

सांडलेलं पाणी कुंडीत साठवणार असाल तर त्यात गप्पी मासे सोडा, डास होणार नाहीत.