वाचकांचे प्रश्न : रंगवलेला जुना ट्रॅक्टर घ्यावा का?

प्रश्न : सांवेर तालुक्यात आमची वडिलोपार्जित बारा बिघे जमीन असून आजवर नांगरणी आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनेच होत आली आहे. यंदा सोयाबीनच्या पेरणीपूर्वी स्वतःचा जुना ट्रॅक्टर घ्यावा, असे घरात ठरते आहे. देपालपूरकडे ३५ अश्वशक्तीचा, सुमारे २५ वर्षांचा एक ट्रॅक्टर पाहिला. रंग नवा आहे, तासांचे मीटर बंद आहे आणि सहा महिन्यांपूर्वी इंजिनचे पूर्ण काम केल्याचे मालक सांगतात. चालू करताना निळसर धूर आला, तो पुढे कमी झाला. मिस्त्रीला नेण्यापूर्वी आम्ही स्वतः काय तपासावे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपण धुराकडे लक्ष दिलेत, हे योग्यच झाले. रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या इंजिनात झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ती नळी) थोडे ऑइल खाली उतरते आणि सकाळी ते जळून निळा धूर येतो. तो दोन-चार मिनिटांत थांबत असेल आणि ओढकामात पुन्हा दिसत नसेल, तर एरवी मी त्याची फार चिंता केली नसती. परंतु इंजिनचे पूर्ण काम झाले असेल, तर व्हॉल्व्ह गाइडही पाहिले गेलेले असायला हवेत. म्हणून लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), पिस्टन, बेअरिंग यांची बिले आणि काम करणाऱ्या मिस्त्रीचा ठावठिकाणा मालकांकडे अवश्य मागावा.

पुन्हा जाल तेव्हा सकाळी जावे आणि आपण पोहोचेपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नये, अशी विनंती आदल्या दिवशीच करून ठेवावी. इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन सुरू होण्याची अडचण झाकते. चालू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचे असेल, तर त्यात पाणी मिसळते आहे, म्हणजे हेड गॅस्केट, लायनरचे रबर किंवा खुद्द लायनर खराब आहे. रेडिएटरचे झाकणही थंड असतानाच उघडावे आणि पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, इंजिन चालू केल्यावर सतत बुडबुडे येतात का, हे बघावे. त्यानंतर किमान अर्धा तास शेतात नांगर किंवा कल्टीव्हेटर ओढून इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि मगच ऑइल प्रेशरचा काटा पाहावा. थंड, घट्ट ऑइलवर काटा नेहमीच चांगला दिसतो. त्याच वेळी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतील वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून जोराने धूर फेकला जात असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत असे समजावे.

एवढे सांगूनही मला आपल्याला इंजिनपेक्षा मागच्या भागाबद्दल, म्हणजे गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकबद्दल अधिक सावध करावेसे वाटते. प्रचलित मॉडेलच्या इंजिनचे सुटे भाग इंदुरात मिळतात, कामाचा खर्च आधी विचारून घेता येतो आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागता येते. गिअरबॉक्सचे तसे नाही. तो उघडल्याखेरीज आतले नुकसान कळत नाही. आमच्या घरी आलेल्या जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन उत्तम होते, पण दुसऱ्याच पावसाळ्यात ऐन पेरणीत गिअरबॉक्स खोलावा लागला आणि आमची पेरणीची वाफ, म्हणजे जमिनीतली योग्य ओल, निघून गेली. त्यात पाणी शिरलेले होते. पाणी ऑइलच्या तळाशी बसते, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग मालकांच्या संमतीने किंचित सैल करून आधी पाणी येते की ऑइल, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. अनेक मॉडेलमध्ये हेच ऑइल अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकलाही वापरले जाते. त्यामुळे एकातील पाणी दुसऱ्याचाही नाश करते.

लिफ्टची परीक्षा जड अवजार लावूनच घ्यावी. अवजार वर उचलून धरले असता लिफ्ट सारखी खाली-वर डुलत असेल, किंवा इंजिन बंद केल्यावर अवजार दोन-तीन मिनिटांत जमिनीला टेकत असेल, तर आत गळती आहे. या वेळी अवजाराखाली कोणीही हात किंवा पाय घालू नये. भरलेली ट्रॉली जोडून हलक्या उतारावर प्रत्येक गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून पाहावे. गिअर आपोआप निसटत असेल, तर आतील दाते किंवा गिअर सरकवणारे फोर्क झिजलेले आहेत. त्याआधी ब्रेकची खात्री मात्र सपाट जागी करून घ्यावी.

नव्या रंगाखाली काय आहे, हे पाहण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर, तसेच मागच्या एक्सलच्या बाहेरील आवरणांवर बॅटरीच्या उजेडात बोट फिरवावे. तेथे तडा किंवा वेल्डिंग आढळले, तर किंमत कितीही उतरली तरी मी तो ट्रॅक्टर घेऊ देणार नाही. मीटर बंद असल्याने झालेले तास पीटीओ शाफ्टच्या (अवजारांना फिरण्याची शक्ती देणारा मागचा दांडा) खाचा, क्लचचे पेडल आणि अवजार जोडण्याची भोके किती झिजली आहेत, यांवरूनच अजमावावे लागतील. पुढचे चाक जॅकवर उचलून हलवले की किंगपिन (चाक ज्यावर वळते तो खिळा) आणि बेअरिंगची ढिलाई हाताला कळते. टायर महाग असतात, त्यांची किंमत वेगळी धरावी.

बयाणा देण्यापूर्वी चेसिस आणि इंजिनवर कोरलेले क्रमांक नोंदणीपत्राशी स्वतः जुळवावेत, आणि त्यावर बँकेच्या कर्जाची नोंद असेल तर ती उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत.